धुतलेला समास

कर्टिस पेलनं काळ्या पिशवीची चेन ओढली, आतलं कॉमिकचं हातानं काढलेलं मूळ पान दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं आणि एक पाऊल मागे सरकला. पोर दाखवायला आणलेल्या बापासारखा.

व्हर्ना हुडाक खुर्चीतून अर्धी उठली. अठ्ठेचाळीस वर्षं ती हे पान शोधत होती.

पुरात बुडणारं गाव. मधोमध दूधगाडीला जुंपलेला घोडा, छातीपर्यंत पाण्यात, मान वर, डावा कान फाटलेला. उडणारा हिरो वर कोपऱ्यात एवढासा. या पानाबद्दल बोलताना लोक आजवर एकच नाव घेत आले होते, मायलो हुडाक. व्हर्नाचा मेलेला नवरा. पिट्सबर्गच्या हॉटेलात भरलेल्या या कॉमिक्सच्या बाजारात तिला टेबल मिळालं होतं तेही त्याच नावाच्या पाटीखाली.

आणि मायलोनं या पानाला हातसुद्धा लावला नव्हता. त्याचा उजवा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता. पान काढलं व्हर्नानं, आणि खालच्या समासात निळ्या पेन्सिलीनं लिहिलं, ‘घोडा मी काढलाय. हात लावू नकोस.’ त्याखाली मायलोनं डाव्या हातानं गिरबटलं होतं, ‘नाही लावत, बाई. तुझाच आहे.’ निळं छपाईत उतरत नाही, म्हणून समासातलं बोलणं सगळे निळ्यानंच लिहायचे. पान छापायला गेलं ते गेलंच. तेव्हा कुणालाच पानं परत मिळायची नाहीत. पुढे तिनं जिथं जिथं तोंड उघडलं तिथं जाणकार मंडळी गोड हसली. पुरावा दाखवा, मिसेस हुडाक.

तिनं चष्मा चढवला. समास पांढराफटक होता.

“इथलं लिहिलेलं कुठं गेलं?”

“अहो, ते!” कर्टिस खुलला. “क्लीव्हलंडला एक माणूस आहे, जुने कागद धुतो. तीन आठवडे ठेवून घेतलं त्यानं. पिवळेपणा गेला, डाग गेले, कडेची गिचमीड गेली. कसं लख्ख निघालंय बघा!”

“दाताचा डॉक्टर आहे हा कर्टिस, व्हर्ना,” शेजारच्या टेबलावरून हेक्टर म्हणाला. चाळीस वर्षं त्यानं कॉमिक्समधल्या संवादाच्या फुग्यांत अक्षरं भरली होती. “पिवळं दिसलं की घासणारच.”

“धुवायच्या आधी वाचलंस का?” व्हर्नानं कर्टिसला विचारलं.

“घोड्याचं काहीतरी होतं. हात लावू नका वगैरे. एखादा संपादक असेल.”

“फोटो काढला होतास?”

“घाणीचा कशाला फोटो काढू?”

व्हर्नाच्या मस्तकात तिडीक गेली. समोरची शाईची बाटली त्याच्या शर्टावर रिती करावी असं वाटलं. कर्टिसचं लक्षच नव्हतं. तो खिशातून टाइप केलेला कागद काढत होता.

“एवढी सही करा. ‘हे पान संपूर्णपणे मायलो हुडाक यांच्या हातचं आहे.’ घरच्या माणसाच्या सहीला किंमत असते. आणि एक चित्र काढून हवंय. हाच घोडा, मायलोसाहेबांच्या धाटणीत. जन्मभर त्यांच्या शेजारी बसलात, थोडंफार येतच असेल तुम्हाला.”

“थोडंफार,” व्हर्ना म्हणाली. “उभा राहा तिथंच.”

तिनं जाड कागद ओढला, बाटलीचं बूच काढलं. पेन्सिल घेतलीच नाही. ब्रश नाकपुडीपासून सुरू झाला, जबड्यावरून खाली उतरला, मानेच्या ताठलेल्या शिरेवर दाबला गेला.

“वा! हुबेहूब मायलो!” कर्टिस म्हणाला. थोड्या वेळानं त्याचं तोंड उघडंच राहिलं. बाईंनी जुन्या पानाकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

“तोंड मिट, डॉक्टर,” हेक्टर म्हणाला. “तपासायला तिनं नाही बोलावलं.”

शेवटी व्हर्नानं कान काढला. डावा, मधोमध चिरलेला.

“माझ्या बापाच्या दूधगाडीचा घोडा,” ती म्हणाली. “तारेत अडकून कान फाटला. मी बारा वर्षांची असताना मेला. मायलोनं त्याला बघितलेलासुद्धा नाही.”

कर्टिस वाकला. या घोड्याकडं पाहिलं, त्या घोड्याकडं पाहिलं, पुन्हा याच्याकडं. मानेवरची ती दाबलेली रेघ दोन्हीकडं तीच होती. त्याच्या कपाळावर घाम आला. मागे रांगेत चारपाच माणसं होती. त्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात तो म्हणाला,

“मिसेस हुडाक, हे आपल्या दोघांत राहू द्या. मायलोसाहेबांच्या नावाशिवाय पानाला कुणी विचारणार नाही हो. तुम्ही फक्त सही करा. आणि या चित्रावर नाव घालू नका, प्लीज.”

व्हर्नानं त्याचा कागद जवळ घेतला. त्यावर ब्रश पुसला, उलटा करून पुन्हा पुसला. टाइप केलेलं सगळं काळं झालं. मग तिनं निळी पेन्सिल उचलली आणि नव्या घोड्याखालच्या समासात सावकाश, शाळेतल्या अक्षरात लिहिलं, ‘घोडा मी काढलाय. हात लावू नकोस. – व्हर्ना हुडाक.’

खोडरबर त्या ओळीवर ठेवून तिनं कागद त्याच्याकडं सरकवला.

“घे. मागचं माझ्यामागं पुसून घेतलंस. हे माझ्यासमोर पूस.”

रांगेतली माणसं पुढं सरकली. कुणीतरी ती ओळ मोठ्यानं वाचली. कर्टिसनं रबर उचललं होतं, आणि घोड्याची शाई अजून ओली होती.