पंधरा मिनिटांचं बोलणं

"पंधरा मिनिटं बोलायला नॉर्वेला? आणि तिकीट त्यांनी काढलं?"

ढाका विमानतळावरच्या तपासणीच्या खिडकीत मोतालेब साहेबांनी तहमिनाचा पासपोर्ट उघडला, मिटला, पुन्हा उघडला. व्हिसा सोडला तर एकही शिक्का नसलेला, कोरा करकरीत. "राहणं-खाणंही तेच बघणार?"

"हो सर. आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना परिषदेला येता यावं म्हणून ते मदत देतात."

"आमचा मेहुणा फुकट बोलतो. त्याने गप्प बसावं म्हणून पैसे मोजायला अख्खं घर तयार आहे." साहेब स्वतः मात्र हसले नाहीत. "मागे एक पोर गाणं म्हणायला निघाली होती. तिचंही सगळं तेच बघणार होते. अजून घरच्यांना पत्ता नाही तिचा."

रांगेत तहमिनाच्या पाठीमागे गुलाबी ओढणीतली एक मुलगी ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती. तहमिनाचंही सकाळपासून तेच चाललं होतं. तिच्या मार्गदर्शकांनी, हारून सरांनी, ताकीदच दिली होती, "काहीही विचारू देत, माहीत नाही म्हणायचं नाही. परिषदेत नाही आणि विमानतळावर तर नाहीच नाही."

तिच्या विमानाची शेवटची घोषणा झाली.

"मग इथेच बोला की," साहेब म्हणाले. "ऐकू तरी द्या."

तिने पाढे म्हणावेत तसं सुरू केलं. इलिश मासा समुद्रात वाढतो, अंडी घालायला नदीत येतो. त्याच्या कानात बारीकसं हाड असतं, ते कापलं की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. मासा कधी कुठल्या पाण्यात होता, ते त्यावरून कळतं. ती कुठेही अडखळली नाही. ती जसजशी बोलत गेली, तसतसा साहेबांचा चेहरा मात्र कठोर होत गेला.

"पाठांतर चांगलं आहे. कुणी करून घेतलं?" त्यांनी पासपोर्ट बाजूला सरकवला. "मी चांदपूरचा. आमच्याकडे आता जाळी रिकामी येतात. मला एवढंच सांगा, समुद्रात गेलेल्यांपैकी परत येतात किती?"

हारून सरांनी यावरही एक छान गोलमोल उत्तर तयार करून दिलं होतं. ते ऐन वेळी आठवलंच नाही.

"माहीत नाही, सर. परत येतात तेच जाळ्यात सापडतात. जे येत नाहीत त्यांना मोजायचं कसं, तेच तर तिथे विचारायचंय मला."

संपलं सगळं, असं वाटून तिने डोळे पुसले. तेवढ्यात खाडकन शिक्का उमटला.

"जा. पळा आता."

तिने पासपोर्ट उचलला.

"पढवून पाठवलेल्या मुलींना सगळं माहीत असतं," साहेब म्हणाले. "पुढे या!"

तहमिना पळायला निघाली. पाठीमागून गुलाबी ओढणीवालीचा आवाज आला, "हॉटेलात काम आहे, मालक चांगला आहे, शुक्रवारी सुट्टी आहे, राहणं-खाणं तेच बघणार आहेत." साहेबांनी अजून काही विचारलंही नव्हतं.

तहमिनाने वळून पाहिलं. साहेबांनी शिक्का खाली ठेवला होता आणि खिडकीतून पुढे वाकून ते हळू आवाजात विचारत होते, "पोरी, तुला सोडायला कोण आलंय?"