पिवळा दिवा

"परत लागला," नेमिनाथआप्पा परशरामच्या गॅरेजात गाडीतून उतरत म्हणाले.

परशराम चक्रावला. दर महिन्याला तो मशीन लावून इंजिनाचा हा पिवळा दिवा घालवायचा आणि दर महिन्याला दिवा परत हजर. मशीन एकाच सेन्सरचं नाव घ्यायचं, म्हणून त्याने सेन्सरही बदलला होता. परशरामकडची गाडी त्याच दुखण्याने परत येत नाही, असं अख्खं अनगोळ म्हणायचं. या म्हाताऱ्या गाडीने त्याची पार शोभा केली होती.

"तुमच्या निपाणीत दावलं न्हाय व्हय?" त्याने विचारलं.

"तिथल्या मिस्त्र्यांना कळत न्हाय," आप्पांच्या बायको तारामतीआक्का घाईने म्हणाल्या. "तू बघ. मी बस्तीत दर्शन घेऊन येते."

पिशवीत डबा घालून त्या निघाल्या. बस्ती, म्हणजे जैन मंदिर, डावीकडे होती. आक्का नेहमीसारख्या उजवीकडे वळल्या.

उजवीकडे निशा राहायची, त्यांची मुलगी. तिने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा आमच्या घरातलं कुणी तिचा उंबरा चढणार नाही, असं आप्पांनी चार पाहुण्यांदेखत सांगून टाकलं होतं. आप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आक्कांची ही चोरी परशरामने कधी कुणाला सांगितली नाही.

"सावकाश बघ," आप्पा बाकड्यावर टेकले. "दिवस मावळायच्या आत जेवायला घरी पोचलो म्हंजे झालं."

त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती.

"काय झालं, आप्पा?"

"दारात सापडला."

परशराम बॉनेटखाली वाकला. सेन्सरच्या वायरीचा प्लग आज अर्धवटच बसलेला होता. तो आपोआप निघत नाही, खटका दाबून ओढावा लागतो. म्हणजे कुणीतरी तो काढत होतं, दिवा लागला की परत बसवत होतं.

त्याला डबा आठवला, उजवीकडचं वळण आठवलं आणि आक्कांसाठी गलबलून आलं. बोलावं तर त्या माउलीची वाट बंद. गप्प बसावं तर आपलं नाव बुडतं.

"सापडलं काय?" आप्पा मागे येऊन उभे होते.

"उंदरांचं काम हाय," परशराम नजर चुकवत म्हणाला. "त्येला काय इलाज न्हाय. परत लागंल दिवा."

आप्पा थोडा वेळ उजवीकडच्या गल्लीकडे बघत राहिले.

"प्लग जरा ढिलाच ठेव रं," ते हळूच म्हणाले. "ह्या खेपेला काढताना नख मोडलं."