एकही साप नसलेला देश

"त्या बेटावरच्या देशात एकही साप नाही," हे चहा पिताना म्हणाले. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी त्याच देशाची एक नवी माहिती. परवा म्हणे तिथे रेल्वे नाही, काल म्हणे सिग्नल नाहीत. जन्मभर घर आणि ऑफिस सोडून कुठे न गेलेल्या माणसाला हे खूळ कुठून लागलं? माझ्या मनात पाल चुकचुकली.

"तिथे कोण आहे तुमचं?"

यांनी वहीत घाईघाईने काहीतरी खरडलं, वही उशीखाली सारली आणि आंघोळीला गेले. नळाचा आवाज आल्याबरोबर मी ती बाहेर काढली.

"रेल्वे नाही: नुसतं हं म्हणाली."

"सिग्नल नाहीत: कप उचलून निघून गेली."

त्याखाली आजची ओळ, दोनदा अधोरेखित केलेली.

"साप नाहीत: चार शब्द बोलली."