मोजल्याशिवाय तुलना नाही

"तुम्हा दोघांत जास्त भरभर कोण चालतं?" स्पॅनिशच्या तोंडी परीक्षेत बाईंनी मला आणि माझा जोडीदार निनाद याला विचारलं. पास झाले, तरच स्पेनमधल्या वेधशाळेत मला जागा मिळणार होती.

तुलनेची क्रियाविशेषणं तोंडपाठ होती. पण आमचा वेग मोजलाय कुणी? "माहिती अपुरी आहे," मी म्हणाले.

"बरं, जास्त चांगलं कोण गातं?"

"याचं गाणं मी ऐकलेलं नाही."

निनाद मराठीत कुजबुजला, "अगं, थाप मार की! तपासायला कोण येतंय?"

बाई गुण लिहू लागल्या. तेवढ्यात लक्षात आलं, एका तुलनेचा पुरावा समोरच आहे. "निनाद माझ्यापेक्षा सहज बोलतो," मी घाईने म्हणाले, "आणि मी त्याच्यापेक्षा जास्त मूर्खपणे गप्प बसते."

बाईंनी हसत पास केलं.

"हे मी विनापुरावा सांगितलं असतं," निनाद म्हणाला.