पाकीट उघडायची वेळ

तिनं फ्रिजमधून पाकीट काढून बाबांच्या उशाशी ठेवलं, तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. एखादाच दिवस, असं डॉक्टर दाराबाहेर हळू आवाजात सांगून गेले होते. पण बाबांचे कान अजून शाबूत होते. त्यांनी लगेच आईचे फोटो मागितले. लग्नानंतरचा पहिला रोल, तोच या पाकिटात होता.

छापलेला फोटो घरात एकही नव्हता. कागदावरचे रंग उडतात, गारठ्यात ठेवलेली निगेटिव्ह पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असं म्हणत बाबांनी जन्मभर नुसत्या निगेटिव्ह जपल्या. त्यांच्यासाठी वेगळा फ्रिज. त्यात पाण्याची बाटली ठेवायचीही कुणाची टाप नव्हती. निगेटिव्हची नारिंगी पट्टी खिडकीशी धरली की बाबांना उलट्या रंगांतलं माणूस सरळ दिसायचं.

"उघड," ते म्हणाले.

"गार पाकीट लगेच उघडलं की फिल्मवर दव धरतं, रंग जातात. चोवीस तास थांबायचं. तुम्हीच शिकवलंत."

"माझ्याकडे चोवीस तास आहेत का, ते डॉक्टरला विचार." ते हसायला गेले आणि खोकल्यानं बेजार झाले.

दुपारी त्यांनी पुन्हा मागितलं. मग विनवलं. भिजली तर भिजू दे, नासली तर नासू दे, म्हणाले. पट्टीवर बोटाचा ठसा उमटला म्हणून ज्यांनी लेकीला दिवसभर उपाशी ठेवलं होतं, ते हे बोलत होते. तिनं त्यांना चमच्यानं पाणी पाजलं, पांघरूण सारखं केलं. चारच्या सुमाराला ऊन खिडकीतून सरकलं. बाबांचा हात चाचपडत पाकिटापाशी आला, पण चिकटपट्टी सोलण्याइतकं बळ बोटांत उरलं नव्हतं.

"अगं, एकदाच बघू दे तिला."

"आईपण एकदाच म्हणाली होती," ती म्हणाली. "याच खाटेवर. तिला दादाचा चेहरा बघायचा होता. तुम्ही पाकीट काढून ठेवलंत आणि उद्या म्हणालात."

दादा सहाव्या वर्षी गेला होता. पाकीट काढलं त्याच संध्याकाळी आई गेली. पाकीट बंदच राहिलं.

"नियम होता," बाबा एवढंच म्हणाले.

ती उठली. पाकीट परत फ्रिजमध्ये ठेवून आली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"चोवीस तास फिल्मच्या मोठ्या पेटीला लागतात, बाबा. मी आई गेल्यावर वाचलं. एवढ्याशा पाकिटाला दोन तास पुरतात. हे सकाळी दहालाच उघडता आलं असतं."