दाराजवळची जागा

“या नाताळला घरात चूल पेटणार नाही,” मोनिका म्हणाली आणि विश्वजीतचा चहाचा कप ओठाशीच थांबला.

“सणासुदीला असं बोलतात का?” तो आईकडं बघत पुटपुटला.

मोनिकाने जीभ चावली. तिचं म्हणणं साधंच होतं. विश्वजीतच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला होता. तिला स्वतःला दवाखान्यातून सुट्टी मिळणार होती ती फक्त नाताळची. आणि दर नाताळला उपासना झाली, मुलांचं नाटक झालं की अख्खं गणगोत जेवायला बजाजनगरला, त्यांच्याच घरी. चर्च दोन गल्ल्या पलीकडं, त्यामुळे सबब सांगायचीही सोय नव्हती. यंदा तिने वेगळा बेत आखला होता. चर्चच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली अंगतपंगत. ज्याने त्याने आपापला डबा आणायचा. करमाडची नणंद रूपाली भाकरी आणि ठेचा आणणार होती. स्वतःच्या वाट्याला मोनिकाने हुशारीने केळी आणि बेकरीतला केक ठेवला होता.

अडचण एकच होती, सासूबाईंची. आशाबाईंचं नाताळचं मटण पाहुणे वर्षभर आठवत बसायचे. सासरे गेले तरी आशाबाईंनी ते पातेलं सोडलं नव्हतं. त्यांचा मान आपण काढून घेतोय, असं मोनिकाला सारखं वाटत होतं.

“आई, तुम्हाला चालेल ना?”

“चालंल की,” आशाबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

ना रुसवा, ना टोमणा. एखादा टोमणा मारला असता तर मोनिकाला जेवण तरी गोड लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं मोठं पातेलं गायब होतं. “शेजारच्या राहतला दिलं,” आशाबाई शांतपणे म्हणाल्या. “तिच्याकडं लग्न हाय. नाताळ झाल्यावरच आण म्हणलं, घाई नाय.”

“मनाला लावून घेतलंय तिनं,” विश्वजीत म्हणाला. धीर देण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

मग आशाबाई शिलाई मशीनवर बसल्या. मुलांच्या नाटकातल्या मेंढपाळांचे अंगरखे वर्षानुवर्षं त्याच शिवत. विश्वजीत शाळेत होता तेव्हापासूनचं हे काम. यंदा नात सायली मेंढपाळ होणार होती. जुन्या घोंगडीला कात्री लावता लावता त्यांनी विचारलं, “काय गं, ते पोरांचं नाटक किती वेळ चालतं?”

“अर्धा तास तरी चालतं. का हो, आई?”

“काय नाय. सहज.”

डबे गार होतील, असं त्यांना सुचवायचं असणार. मोनिकाने तसा अर्थ काढला आणि आणखी खट्टू झाली.

नाताळच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये पोचली. सर्वांत मागच्या बाकावर, अगदी दाराजवळ, आशाबाईंची शाल पसरून तिने जागा धरली. ती त्यांची ठरलेली जागा होती. पुढं बसा म्हटलं की दरवर्षी त्या म्हणायच्या, “नको, इथंच बरं हाय.” पाळकसाहेबांनी एकदा संदेशात त्यांच्या या नम्रतेचा दाखलाही दिला होता. निदान एवढा तरी मान आपल्या हातून राखला जावा, असं मोनिकाला मनापासून वाटत होतं.

आशाबाई आल्या. त्यांनी शालीकडं बघितलं. ती उचलली, खांद्यावर टाकली आणि मधल्या वाटेने चालत थेट पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. उपासनाभर मोनिकाला त्यांची फक्त पाठ दिसत राहिली. इतका राग!

उपासना संपली. मुलांचं नाटक सुरू झालं. हातात काठी घेऊन सायली आली, आजीला बघून तिने हात हलवला आणि आपलं वाक्य विसरली. सगळे हसले. आशाबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. शेवटचं गाणं होईपर्यंत त्या खाली बसल्याच नाहीत.

नाटक संपलं तेव्हा मोनिका पुढं धावली. आशाबाई पदराने डोळे पुसत होत्या.

“आई, चुकलं माझं. पुढच्या वर्षी मटण घरीच करू. राहतभाभींकडून पातेलं मी आजच घेऊन येते.”

“खबरदार!” आशाबाईंनी तिचा हात घट्ट धरला. “तुमचा इचार बदलू नये म्हणून तर देऊन टाकलं ते.”

“मग तुम्ही रडताय कशाला?”

“लई उपकार झाले गं पोरी तुझे. दरसाली मी दाराशी बसायची. शेवटची प्रार्थना सुरू झाली का गुपचूप उठून घरी पळायची. पाव्हणे यायच्या आत मटण शिजाया नको व्हय?”

दर नाताळला घरी पोचल्याबरोबर वाफाळतं ताट पुढं यायचं. ते शिजवायला कोण, कधी निघून गेलं, हे त्या घरात कुणीच कधी विचारलं नव्हतं. मोनिकानेही नाही.

सायली पळत आली. आशाबाईंनी तिच्या अंगरख्याची उसवलेली बाही चिमटीत धरली आणि समोर उभ्या विश्वजीतकडं बघितलं.

“हा पाच वर्षं मेंढपाळ झाला. पाची वर्षांचे कपडे मी शिवले,” त्या म्हणाल्या. “मेंढपाळ आज बघितला.”