डॉक्टर आत्ता पोटापर्यंत आलेत

डॉ. मुकुंद आगटे स्वतःच्याच दवाखान्यात, तपासणीच्या टेबलावर झोपले होते. डोक्यावर टोपी होती आणि टोपीतून नवं वैद्यकशास्त्र आत उतरत होतं. आधी जुनं सगळं पुसलं जायचं, मग नवं पायांपासून वर चढत यायचं. मधेच उठलं तर वरचं कोरंच राहायचं.

तीन वर्षं ते टोपी हातात घेत होते आणि दरवेळी कुणीतरी यायचं. एकदा तर गोळी चहाआधी की नंतर, एवढंच विचारायला. बदली डॉक्टर मिळत नव्हता. आज टोपी घातली नाही तर परवाना जाणार होता, म्हणून त्यांची बायको शुभदा दारातच खुर्ची टाकून बसली होती.

तेवढ्यात बापू खराडे आईला उचलून घेऊन आला. तिला श्वास घेता येत नव्हता. ओठ निळे पडले होते.

"वहिनी, उठवा त्यांना."

"आत्ता पोटापर्यंत आलेत. छाती संध्याकाळी होईल. तालुक्याला ने हिला."

"ती ऐकत नाही."

"यांच्याच हाताला... गुण आहे," म्हातारी म्हणाली.

"वहिनी, आमचे डॉक्टर अर्धे असले तरी चालतील."

शुभदाने टोपी काढली.

डॉक्टर हसत उठले. त्यांनी म्हातारीला आडवं केलं, तळपाय पाहिले, गुडघे वाकवले, पोट दाबलं. इतकं नीट त्यांनी कधीच कुणाला तपासलं नव्हतं. बापूला धीर आला.

"इथपर्यंत अगदी उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. मग त्यांचा हात बरगड्यांपाशी येऊन थांबला. त्यांनी शुभदाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"याच्या वर काय असतं गं?"